पुढचा पुरावा कोणता?

(स्मृतिव्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालवली जाते, त्यांचे सारे आयुष्य यंत्रांच्या चाचण्या घेण्यात गेले. फसलेल्या चाचणीची नोंद यशस्वी चाचणीच्या नोंदीइतकीच जपून ठेवायची, ही त्यांची शिस्त. त्यांच्या हाताखाली तयार झालेली बरीच मंडळी आज समोर बसलेली दिसताहेत. त्यामुळे विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. एखादे तंत्रज्ञान कितपत तयार झाले आहे हे ओळखायचे कसे, आणि त्यावरून संशोधनाचा कारभार चालवायचा कसा, याविषयी मी आज बोलणार आहे.

विषय वरवर रुक्ष वाटेल. पण एखादे तंत्रज्ञान तयार आहे असे धरून चालायचे की अजून थांबायचे, या एका निर्णयावर देशाचे शेकडो कोटी रुपये आणि तरुण शास्त्रज्ञांची ऐन भरातली वर्षे पणाला लागतात. निर्णय घाईने घेतला तर प्रकल्प गाळात रुततो. घेतलाच नाही, तर चांगली कल्पना प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहते. दोन्ही गोष्टी आपण पाहिल्या आहेत.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. तंत्रज्ञानाची परिपक्वता पुराव्यावर ठरते, आणि पुराव्याचे वजन तो कोणत्या परिस्थितीत मिळाला यावर ठरते. म्हणून संशोधनाचा कारभार पाहणाऱ्याने रोज स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: पुढचा पुरावा कोणता हवा, आणि तो मिळवण्याची सोय मी केली आहे का?

नऊ पायऱ्या

हा प्रश्न पद्धतशीरपणे मांडला तो अमेरिकेच्या नासा या संस्थेने. तिथे संशोधन करणारे वेगळे आणि अंतराळयान बांधणारे वेगळे. संशोधक म्हणत, तंत्र हाती आले आहे. यान बांधणारे विचारत, हाती आले म्हणजे नेमके काय? प्रयोगशाळेच्या टेबलावर चालले, की निर्वात पोकळीत, कडाक्याच्या थंडीत आणि किरणोत्सारात चालले? दोघे एकच भाषा बोलत नव्हते. १९७४ मध्ये नासातील स्टॅन सॅडिन यांनी तंत्रज्ञानाच्या सज्जतेची एक मोजपट्टी सुचवली. सुरुवातीला तिच्यात ७ पातळ्या होत्या. पुढे ९ झाल्या, आणि १९९५ मध्ये जॉन मॅन्किन्स यांनी प्रत्येक पातळीचा अर्थ उलगडून सांगणारे टिपण लिहिले. आज जगभर ‘टीआरएल’ या नावाने ओळखली जाते ती हीच पट्टी. २०१३ मध्ये अंतराळ क्षेत्रासाठी तिचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. २०१४ पासून युरोपीय संघाने आपल्या संशोधन-निधीसाठी ती स्वीकारली. आपल्याकडे संरक्षण, अवकाश, जैवतंत्रज्ञान अशा सगळ्या क्षेत्रांत आता ‘टीआरएल किती?’ हा प्रश्न आढावा बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत येतो.

पट्टी समजायला सोपी आहे. पहिल्या पायरीवर निसर्गाचा एखादा नियम लक्षात आलेला असतो. दुसरीवर त्याचा उपयोग काय होईल याची कल्पना मांडलेली असते, तिसरीवर ती कल्पना प्रयोगाने शक्य ठरते. चौथ्या पायरीवर सुटे भाग प्रयोगशाळेत एकत्र चालतात. पाचवीला ते भाग आणि सहावीला संपूर्ण नमुना अशा परिस्थितीत तपासतात, जी प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीशी मिळतीजुळती असते. सातवीला नमुना प्रत्यक्ष वापराच्या जागीच चालवून दाखवावा लागतो. आठवीला अंतिम रचनेची वस्तू सर्व कसोट्यांना उतरते. नवव्या पायरीवर ती वस्तू खऱ्या कामात यशस्वीपणे वापरली गेलेली असते.

शेतीशी संबंध असलेल्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. पिकाचा नवा वाण संशोधन केंद्राच्या वाफ्यात भरघोस आला म्हणून कोणी लगेच प्रसारित करत नाही. तो वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या जमिनींत, एकाहून अधिक हंगामांत लावून पाहतात. केंद्राच्या वाफ्याला वेळेवर पाणी मिळते, खत मोजून मिळते, राखण असते. कोरडवाहू रानात पावसाने तीन आठवडे ओढ दिली की वाणाचा खरा गुण दिसतो. यंत्रांच्या बाबतीतही पट्टीचा सगळा कणा या एका गोष्टीत आहे. पायरी चढताना वस्तू बदलतेच, पण त्याहून जास्त बदलते ती तिला तपासण्याची परिस्थिती.

दीड सेकंद

आता एक उदाहरण जरा जवळून पाहू.

अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यासाठी क्रायोजेनिक इंजिन लागते. त्यात उणे २५३ अंश सेल्सिअसचा द्रवरूप हायड्रोजन उणे १८३ अंशांच्या द्रवरूप ऑक्सिजनबरोबर जळतो. हे तंत्र रशियाकडून घेण्याचा करार १९९१ मध्ये झाला होता. १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान हस्तांतरणातून अंग काढून घेतले. आपल्याला तयार टप्पे मिळाले, विद्या मिळाली नाही. १९९४ मध्ये इस्रोने स्वतःचा क्रायोजेनिक टप्पा बनवण्याचा प्रकल्प हाती घेतला. तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे वर्षानुवर्षे चाचण्या चालल्या. १५ नोव्हेंबर २००७ रोजी हा टप्पा जमिनीवर पूर्ण ७२० सेकंद यशस्वीपणे चालला. उड्डाणात त्याला साधारण तेवढाच वेळ चालायचे होते.

१५ एप्रिल २०१० रोजी हा टप्पा घेऊन जीएसएलव्ही-डी३ हा अग्निबाण श्रीहरिकोट्याहून निघाला. खालचे टप्पे ठरल्याप्रमाणे चालले. क्रायोजेनिक टप्प्याची वेळ आली, मुख्य इंजिन पेटले, दोन्ही दिशानियंत्रक इंजिने पेटली. मात्र इंधनाचा दाब वाढवणाऱ्या एका छोट्या टर्बोपंपाने दगा दिला. त्याचा वेग मिनिटाला ३४,८०० फेऱ्यांपर्यंत पोचला होता. टप्पा सुरू झाल्यावर ०.९ सेकंदांनी तो वेग उतरू लागला आणि पुढच्या ०.६ सेकंदात पंप थांबला. दीड सेकंदाचा खेळ. इंजिनाला हायड्रोजन मिळेनासा झाला आणि यान समुद्रात कोसळले.

इस्रोच्या विश्लेषण समितीने दोन शक्यता मांडल्या. एक म्हणजे पंपातील एखाद्या सीलजवळ फिरता भाग घट्ट धरला गेला असावा. दुसरी म्हणजे वाढलेला दाब आणि तापमानामुळे आलेला ताण यांनी टर्बाइनचे आवरण फुटले असावे. प्रकल्प व्यवस्थापनाच्या दृष्टीने मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतर जे घडले ते. अतिशीत तापमानात बेअरिंग आणि आवरण किती आकुंचन पावतात, किती प्रसरण पावतात, हे लक्षात घेऊन पंपाची रचना बदलली. इंजिन पेटवण्याचा क्रम सुधारला. आणि जमिनीवरच उंचावरील निर्वाताची स्थिती निर्माण करून इंजिन त्या स्थितीत पेटते की नाही हे तपासले. म्हणजे आधीच्या पुराव्यात जी परिस्थिती पुरती उतरलेली नव्हती ती मुद्दाम उभी केली, आणि मग पुढचे पाऊल टाकले.

या कथेत आणखी एक प्रसंग आहे. १९ ऑगस्ट २०१३ रोजी सुधारलेला क्रायोजेनिक टप्पा घेऊन जीएसएलव्ही-डी५ उड्डाणासाठी उभा होता. उड्डाणाला सव्वा तासापेक्षा थोडा कमी अवधी उरला असताना इंधनगळती लक्षात आली आणि उड्डाण थांबवावे लागले. गळती नव्या टप्प्यात नव्हती. ती होती दुसऱ्या टप्प्यात, जो आधी अनेकदा उडाला होता आणि ज्याविषयी कोणाला चिंता नव्हती. त्याच्या इंधनटाकीचा मिश्रधातू पुढे बदलण्यात आला. अखेर ५ जानेवारी २०१४ रोजी डी५ने जीसॅट-१४ हा उपग्रह कक्षेत पोचवला. प्रकल्प सुरू झाल्यापासून जवळजवळ वीस वर्षे लागली. हा काळ वाया गेला असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर पुढचा पुरावा मिळवण्यासाठी माणसे झटत होती, आणि त्यांच्यामागे संस्था ठामपणे उभी होती. मला तर या वीस वर्षांतले सर्वांत मोठे धैर्य ऑगस्ट २०१३ मधल्या त्या दुपारी दिसते. सगळा देश पाहत असताना उलटी मोजणी थांबवायला फार मोठी हिंमत लागते.

कावेरी

दुसरे उदाहरण कावेरी इंजिनाचे. हलक्या लढाऊ विमानासाठी देशी जेट इंजिन बनवण्याच्या या प्रकल्पाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली. विमानही नवे आणि इंजिनही नवे, आणि एकाचे वेळापत्रक दुसऱ्याला बांधलेले. जेट इंजिनाच्या गाभ्यात टर्बाइनची पाती ज्या वायूत फिरतात त्याचे तापमान पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर जाते. ती पाती एकाच स्फटिकातून घडवण्याची आणि आतून हवेने थंड ठेवण्याची विद्या जगात फार थोड्यांकडे आहे, आणि कोणी ती सहजासहजी देत नाही. १९८९ मध्ये ती आपल्या हाताशी नव्हती. इंजिनाचे लक्ष्य मात्र हवाई दलाच्या विमानाच्या गरजेप्रमाणे ठरले होते.

इथे एक निर्णय फार शहाणपणाचा झाला. विमानाचे पहिले नमुने अमेरिकी जीई एफ-४०४ इंजिनावर उडवायचे ठरले. त्यामुळे ४ जानेवारी २००१ रोजी बंगळूरच्या आकाशात विमान उडाले. इंजिनाची वाट पाहत बसलो असतो तर विमानाच्या पंखांची, नियंत्रणप्रणालीची, संमिश्र पदार्थांची विद्याही अडकून पडली असती. २००८ मध्ये कावेरी आणि हे विमान, म्हणजे तेजस, यांची वाट अधिकृतपणे वेगळी झाली. वर्तमानपत्रांनी ते अपयश म्हणून छापले. मी त्याकडे उशिरा घेतलेला योग्य निर्णय म्हणून पाहतो. अपक्व तंत्रज्ञान आणि वेळेत द्यायची वस्तू यांची गाठ सोडवणे हे व्यवस्थापनाचे पहिले सूत्र आहे. कावेरीचे कामही थांबले नाही. आफ्टरबर्नर नसलेल्या रूपात ते मानवविरहित विमानासाठी पुढे नेले गेले.

कावेरीने शिकवलेली दुसरी गोष्ट अधिक बोचते. उंचीवरच्या विरळ, थंड हवेत इंजिन कसे वागते हे तपासायला देशात सोय नव्हती. त्यासाठी इंजिन रशियाला न्यावे लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये मॉस्कोजवळच्या ग्रोमोव्ह संस्थेत इल्युशिन-७६ या मालवाहू विमानावर बसवून ते हवेत चालवले गेले. म्हणजे प्रकल्प मंजूर झाल्यानंतर एकवीस वर्षांनी, परक्या देशात, परक्या विमानावर. चाचणीसाठी इंजिन बांधून परदेशी पाठवायचे, तिथल्या रांगेत वेळ मिळवायचा, त्रुटी सापडली की परत आणायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा पाठवायचे. शिकण्याचे चक्र जिथे आठवड्यांत फिरायला हवे तिथे ते वर्षांत फिरते. आपले अभियंते कमी पडले असे म्हणण्याआधी आपण त्यांना चाचणीची जागा दिली होती का, हे विचारले पाहिजे.

महेंद्रगिरी आणि कावेरी या दोन कथा शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट दिसतो. दोन्हीकडे विद्या अवघड, दोन्हीकडे परदेशाने दार लावलेले. एकीकडे चाचणीची जागा आपली होती, आणि जे कमी पडले ते तिथेच वाढवता आले. दुसरीकडे ती जागा नव्हती.

घाईची किंमत

घाई आपलाच दोष आहे असे समजू नका. १९९९ मध्ये अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २३ तंत्रज्ञानांचा अभ्यास केला. प्रकल्पात घेताना त्यांची टीआरएल किती होती आणि पुढे खर्चाचे व वेळापत्रकाचे काय झाले, हे त्यांनी समोरासमोर मांडले. कोमांची या लढाऊ हेलिकॉप्टरच्या प्रकल्पात काही महत्त्वाची तंत्रज्ञाने जेमतेम तिसऱ्या पायरीवर असताना घेतली गेली होती. त्याचा विकासखर्च दुप्पट झाला आणि कालावधी दुपटीहून अधिक लांबला. २००४ मध्ये तो प्रकल्प रद्द झाला, तोवर सुमारे ७ अब्ज डॉलर खर्ची पडले होते. पिकलेले तंत्रज्ञान घेऊन सुरू झालेले प्रकल्प मात्र बहुधा सुखरूप पार पडले. कार्यालयाची शिफारस होती की सातव्या पायरीआधी तंत्रज्ञान उत्पादन-प्रकल्पात घेऊच नये. पुढे २००६ मध्ये अमेरिकेने कायदाच केला: मोठ्या शस्त्रप्रकल्पाला विकासाची मंजुरी देण्याआधी, त्यातले तंत्रज्ञान योग्य परिस्थितीत चालवून दाखवले आहे, असे जबाबदार अधिकाऱ्याने सहीनिशी प्रमाणित करावे.

यात संशोधनाला आडकाठी नाही. तिसऱ्या पायरीवरच्या कल्पनेला पैसा द्यायचाच आहे, पण तो शिकण्यासाठी द्यायचा आहे, ठरलेल्या तारखेला वस्तू मिळावी म्हणून नव्हे. पैसा एकाच तिजोरीतून आला तरी दोन्हींचे हिशेब, दोन्हींच्या अपेक्षा आणि दोन्हींच्या अपयशाचा अर्थ वेगळा ठेवला पाहिजे. शिकण्याच्या टप्प्यावरचे अपयश हा मिळकतीचा भाग असतो. तेच अपयश कारखाना उभा राहिल्यावर आले तर ते नुसते नुकसान.

आकड्याला किती मान द्यावा

आता या पट्टीच्या मर्यादा. पट्टीचा आग्रह धरणाऱ्यानेच त्या सांगितल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा: सुट्या भागांच्या पायऱ्या वर असल्या म्हणजे संपूर्ण यंत्रणा वर असतेच असे नाही. जेम्स वेब दुर्बिणीसाठी लागणारी दहा नवी तंत्रज्ञाने २००७ च्या सुरुवातीलाच सहाव्या पायरीवर पोचल्याचे स्वतंत्र समितीने मान्य केले होते. तरी दुर्बीण उडाली डिसेंबर २०२१ मध्ये, आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला. आरसे तयार होते, संवेदक तयार होते. पण ते सारे एकत्र बांधणे, घड्या घालून अग्निबाणात बसवणे आणि अवकाशात बिनचूक उलगडणे हे स्वतंत्र काम होते. पट्टी तिथे मुकी होती. म्हणून संपूर्ण यंत्रणेची पायरी सांगताना तिच्यातल्या सर्वांत मागे असलेल्या भागाची पायरी सांगावी, सरासरी काढू नये. आणि जोडणीची परिपक्वता वेगळी तपासावी.

दुसरी मर्यादा: एक वस्तू बनवता येणे आणि शंभर वस्तू सारख्या बनवता येणे यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उत्पादनाच्या सज्जतेसाठी १ ते १० अशी वेगळी पट्टी केली ती यासाठीच. हे अंतर कसे ओलांडायचे याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. विक्रोळीच्या गोदरेजने इस्रोसाठी इंजिने आणि त्यांचे भाग बनवण्याची विद्या आत्मसात केली, तर पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरने घनइंधन मोटारींची प्रचंड आवरणे घडवली. प्रत्येक सांधा एक्स-रेखाली तपासायचा, प्रत्येक पत्र्याचा जन्मदाखला जपायचा, ही कारखान्याची शिस्त तिथल्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी रुजवली. नववी पायरी त्यांच्याशिवाय गाठता येत नाही, आणि त्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर येत नाहीत.

तिसरी मर्यादा अशी की पायरी चढता येते तशी उतरताही येते. अमेरिकेच्या अण्वस्त्रांत ‘फॉगबँक’ या सांकेतिक नावाचा एक पदार्थ वापरला जातो. टेनेसीतील वाय-१२ कारखान्यात तो १९७५ ते १९८९ या काळात तयार होत होता. नंतर उत्पादन थांबले, कारखाना मोडला, जाणकार माणसे निवृत्त झाली. पुढे जुन्या अण्वस्त्रांचे आयुष्य वाढवायची वेळ आली तेव्हा तो पदार्थ पुन्हा हवा होता, आणि नव्या कारखान्यात तो पूर्वीसारखा बनेना. बऱ्याच खटपटीनंतर लक्षात आले की जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी असे आणि पदार्थाचे गुण तिच्यावरच अवलंबून होते. नव्या प्रक्रियेत शुद्धीकरण अधिक चांगले झाल्यामुळे तीच निघून जात होती. हे पूर्वीच्या कोणाला माहीत नव्हते, म्हणून कोणी लिहूनही ठेवले नव्हते. नोंद न ठेवलेले तंत्रज्ञान माणसांबरोबर निवृत्त होते. आपल्या प्रयोगशाळांतून एकेक पिढी बाहेर पडत असताना हा धोका आपल्या अगदी जवळ आहे.

आणि चौथी मर्यादा माणसाच्या स्वभावाची. ज्या आकड्यावर पैसा मिळतो तो आकडा फुगतो. अर्ज करणारा आपली पायरी एक घर वर दाखवतो, आणि पैसे मिळाल्यावर त्याच पायरीवर वर्षभर काम करत बसतो. मी आढावा बैठकांत बसलो आहे. एका बैठकीत एका तरुण शास्त्रज्ञाने सरळ सांगितले की त्याचे उपकरण बाहेरच्या धुळीत कसे टिकेल हे त्याला ठाऊक नाही, आणि त्यासाठी त्याला सहा महिने हवेत. त्याच दिवशी दुसऱ्या गटाने सगळे हिरव्या रंगात रंगवलेले तक्ते दाखवले. निधी दुसऱ्या गटाला मिळाला. खरे बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागणार असेल, तर पुढच्या बैठकीत खरे बोलणार कोण?

कारभार कसा चालवावा

म्हणून माझ्या काही आग्रही सूचना आहेत.

टीआरएलचा आकडा एकटा कागदावर येऊ देऊ नये. त्याच्या सोबत तीन उत्तरे असावीत: कोणत्या परिस्थितीत चालले, किती वेळ चालले आणि कोणी तपासले. ‘पातळी ५’ या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. ‘४५ अंश तापमानात, धुळीत, सलग ३०० तास, आमच्या गटाबाहेरच्या दोघांच्या देखरेखीखाली’ यातून सगळे कळते.

मूल्यमापन प्रकल्पाशी हितसंबंध नसलेल्या माणसांनी करावे. त्यांच्यात एखादा तरी वापरकर्ता असावा. जवान, परिचारिका, शेतकरी, कारखान्याचा फोरमन, जो कोणी ती वस्तू रोज हाताळणार आहे तो. प्रत्यक्ष वापराची परिस्थिती त्याच्याइतकी कोणालाच माहीत नसते.

आज कुठे आहोत याच्या जोडीला पुढची पायरी किती अवघड आहे हेही विचारावे. दोन तंत्रज्ञाने चौथ्या पायरीवर असतील, पण एकाला पाचवीवर जायला ठाऊक असलेल्या कामाचे एक वर्ष लागेल, आणि दुसऱ्याला असा धातू लागेल जो अजून कोणी बनवलेलाच नाही. दोघांना सारखाच निधी आणि सारखीच मुदत देणे हा दोघांवरही अन्याय आहे. जिथे वाट अनिश्चित आहे तिथे दोन पर्यायांवर एकाच वेळी काम चालू द्यावे, आणि मुख्य प्रकल्पासाठी एफ-४०४ सारखा हुकमी पर्याय हाताशी ठेवावा.

आणि थांबवण्याला प्रतिष्ठा द्यावी. ठरलेला पुरावा ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर प्रकल्प थांबवणाऱ्या प्रमुखाच्या गोपनीय अहवालात ते कर्तबगारी म्हणून नोंदले जावे. त्यातून मोकळी झालेली माणसे आणि पैसा दुसऱ्या चांगल्या कल्पनेला मिळतात.

आजची संधी

हे सगळे आजच बोलण्याचे कारण आहे. आपला देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा कमी आहे. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १ लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेला मंजुरी दिली. उद्योगांना दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा शून्य व्याजाचे भांडवल देणारी ही योजना टीआरएल ४ आणि त्यापुढच्या तंत्रज्ञानासाठी आहे. या देशात पायरीच्या आकड्याला एवढा मोठा पैसा याआधी कधी जोडला गेला नव्हता.

मी या योजनेचे मनापासून स्वागत करतो. चौथ्या ते सातव्या पायरीच्या मधला पट्टा आपल्याकडे वर्षानुवर्षे ओसाड राहिला आहे. विद्यापीठाला त्यात रस नसतो, कारण तिथे शोधनिबंध निघत नाहीत. उद्योग तिथे पाय ठेवत नाही, कारण जोखीम मोठी असते. पण म्हणूनच दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागेल. एक, चौथ्या पायरीचा उंबरठा कागदावर ओलांडला जाऊ नये. दोन, पहिल्या तीन पायऱ्यांचा निधी आटू नये. तिथे आज बी पेरले नाही तर दहा वर्षांनी चौथ्या पायरीवर आणायला आपल्याकडे काही उरणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, या पैशातला भरीव हिस्सा चाचणीच्या जागांवर खर्च व्हावा. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहनचाचणीची संस्था १९६६ पासून आहे. या परिसरातल्या वाहन उद्योगाच्या वाढीत, सगळ्यांना वापरता येणाऱ्या त्या सोयीचा वाटा मोठा आहे. प्रत्येक कंपनीला स्वतःची चाचणीयंत्रणा उभारावी लागली असती, तर छोट्या कारखानदाराचा निभाव लागला नसता. हेच सूत्र बॅटरीला, वैद्यकीय उपकरणांना, अर्धवाहकांना, ड्रोनला आणि जेट इंजिनाला लावले पाहिजे. नाशिकच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या लघुउद्योजकाला आपले उपकरण पाचव्या पायरीवर न्यायचे असेल, तर परवडणाऱ्या दरात, आठवड्याभरात चाचणीची वेळ मिळाली पाहिजे. ती मिळत नसेल, तर त्याची पायरी विचारण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही.

या सभागृहात प्रयोगशाळांचे प्रमुख आहेत, उद्योजक आहेत, निवृत्त सनदी अधिकारी आहेत, आणि मागच्या रांगांत अभियांत्रिकीचे बरेच विद्यार्थी आहेत. प्रमुखांना माझी विनंती आहे की पुढच्या आढाव्यात आपल्या माणसांना त्यांची पायरी विचारा, आणि त्याच दमात पुढच्या पुराव्यासाठी त्यांना काय कमी पडते आहे तेही विचारा. उद्योजकांनी आपल्या चाचण्यांची जागा एकत्र येऊन मागावी, कारण एकट्याची मागणी फायलीत पडून राहते. आणि विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे की आपले यंत्र कोणत्या परिस्थितीत बंद पडते हे शोधणारा अभियंता, ते चालवून दाखवणाऱ्याइतकाच देशाच्या कामाचा आहे. या देशात बुद्धीची वानवा कधीच नव्हती. तिला कस लावायच्या जागा आपण पुरेशा उभ्या केल्या नाहीत. त्या उभ्या करणे पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणत्याही परदेशाची परवानगी लागत नाही.